खाडीवरचं शून्य

रुपालीने पाचही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले आणि खुर्ची मागे सरकवली. तारखा वेगळ्या, खाडी तीच, आणि प्रत्येक फोटोत पाणी खारफुटीच्या पानांपर्यंत चढलेलं. खाली सुशांतची नोंद पाचही वेळा एकच होती: पक्षी शून्य.

दक्षिण कोकणातल्या त्या खाडीवर बॉक्साइटच्या खाणीसाठी धक्का बांधायचा होता. बांधकामाने तिथल्या प्राण्यापक्ष्यांचं काय होईल, याचा अहवाल लालबागमधल्या तिच्या कंपनीला शुक्रवारी द्यायचा होता. जंगलाचा भाग तिने स्वतः फिरून केला होता. खाडी ऐनवेळी गळ्यात पडली, तेव्हा तिने इथूनच वेळापत्रक आखलं आणि मोजणी सुशांतवर सोपवली. सुशांत खाडीकाठच्याच गावचा. त्याचा भाऊ खाणीच्या ठेकेदाराकडे डंपर चालवतो, हे तिला कालच कळलं होतं.

एकाच दिवशी पाच फोटो काढून हा मोकळा झाला असणार. फोटोवरची तारीख काय, फोनमध्ये बदलता येते.

ती विनीतसरांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी फोटो नीट पाहिलेही नाहीत.

"काढून टाकू त्याला. आत्ताच फोन करतो."

"आणि आकडे?"

"ते राहू देत. शून्य म्हणजे शून्य."

माणूस खोटा असेल तर त्याचे आकडे खरे कसे, हे तिने विचारलं नाही. पण जेवायच्या सुट्टीत डबा न उघडताच ती खाली उतरून बाजारात गेली.

दमयंतीमावशी कफ परेडच्या मच्छीमार नगरातून तिथे मासे विकायला यायच्या. रुपालीच्या आईपासून घरात मासळी त्यांच्याकडचीच. रुपालीने फोन त्यांच्यापुढे धरला.

"मावशी, पक्षी मोजायला धाडलेल्या पोराने हे फोटो काढलेत, एकही पक्षी नाही म्हणतो. पाणी बघा. पाचही फोटो एकाच दिवसाचे वाटतात ना?"

मावशींनी कोयता बाजूला ठेवला, हात पुसले आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"तारखा कुठल्या? त्या बघ समोर कॅलेंडरवर. तिथ्या वाच."

रुपाली शेजारच्या दुकानाच्या भिंतीपाशी गेली आणि कॅलेंडरची पानं मागे उलटली.

"पौर्णिमा. अमावास्या." तिचा आवाज खाली आला. "परत पौर्णिमा. पुढच्या दोन्ही तशाच."

"आणि टाइम?"

"दुपारी बारा. सगळीकडे."

"मग भरतीच असणार. पुनवेला नि अवसेला भर दुपारी पाणी असंच चढतं. चिखल उघडा पडला तर पाखरं खायला उतरणार ना? त्या पोराला असल्या टायमाला कुणी धाडला?"

दर पंधरा दिवसांनी, दुपारी बारा. सकाळी जंगलातले कॅमेरे तपासून सुशांत तोवर खाडीवर पोचेल, म्हणून रुपालीनेच ठरवलं होतं.

बाजाराच्या कडेला उभं राहून तिने सुशांतला फोन लावला.

"सरांचा फोन येऊन गेला," तो म्हणाला. "मी तुम्ही लिहिलंत तेव्हाच गेलो, मॅडम."

"भरती असते, हे सांगायचं ना."

"दोनदा सांगितलं. सरांना. ते म्हणाले, वेळापत्रक मॅडमचं आहे, बदलायचं नाही."

ऑफिसात परतल्यावर ती केबिनच्या दारातच थांबली.

"सर, खाडीची मोजणी परत करावी लागेल. शुक्रवारच्या अहवालावर मी सही करणार नाही."

विनीतसरांनी चष्मा काढला. "कारण काय द्यायचं? चूक तुझी आहे, रुपाली. तेच लिहावं लागेल."

"तेच लिहिते."

तिने मेल लिहिला: वेळा चुकल्या, वेळापत्रक माझं होतं, सुशांतच्या नोंदी खऱ्या आहेत, माझी तक्रार खोटी ठरली. सरांना पाठवला, सुशांतला पाठवला. मग त्याला पुन्हा फोन केला.

"पुढच्या मंगळवारी अष्टमी आहे. बाराला ओहोटी असेल. मी स्वतः येते, दोघं मिळून मोजू."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मेल वाचला," सुशांत म्हणाला. "येईन मी. पण ह्या वेळी फॉर्मच्या प्रत्येक पानावर तुमची पण सही लागेल. तिथल्या तिथे, खाडीवरच."

'का' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता.

"बरं," ती म्हणाली. "करते."