चुकून गेलेलं गाणं

मित्रांनो, माझ्या काचेवरची चीर बघून नाक मुरडू नका. ती मला डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या बसस्टॉपवर पडली आणि मी ती मिरवतो. होय, मी एक जुना मोबाइल आहे. माझी बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत तग धरते, आणि फोटो काढायला सांगितला तर माणसं धुक्यात उभी असल्यासारखी दिसतात. पण माझ्याइतकं बोलणं पोटात साठवलेला दुसरा फोन या अख्ख्या डब्लिनमध्ये शोधून दाखवा. बढाई वाटते ना? वाटू दे. आधी ऐका, मग ठरवा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला, पण मला कळायला लागलं ते शुभदाच्या हातात. शुभदा पुण्याची, माहेर कोरेगावचं. इथे ती वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत इंजिनीअर आहे. तिनं मला घेतलं तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू. काचेवर काच, पाठीवर मऊ कव्हर, आणि जरा धूळ बसली की चष्म्याच्या फडक्यानं पुसायची. रोज सकाळी ती कोरेगावला आपल्या आईला व्हिडिओ कॉल करायची. आईंचा गळा गोड होता. भाजी निवडता निवडता त्या जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या आणि मी त्या ऐकत राहायचो. मराठी मी शिकलो ती अशी. शुभदाची लेक केतकी मात्र आजीला इंग्रजीत उत्तरं द्यायची, तीही थेट आयरिश वळणाची. आजी म्हणायच्या, "पोरगी ग्वाड बोलतीया, पन काय बोलतीया ते द्येवाला ठाव."

मग एक दिवस नवा फोन आला आणि माझी रवानगी प्रेसमध्ये झाली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. तिथे माझ्या सोबतीला एक विझलेली बॅटरी आणि कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर होते. कुणी हाक मारेना, कुणी चार्ज करेना. काल ज्याला फडक्यानं पुसत होते, त्याच्यावर आज गुंता झालेल्या वायरी टाकल्या होत्या. फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू?

माझं नशीब उघडलं ते शेजारच्या सहरामुळे. सहरा सोमालियाची, समुद्राकाठच्या मर्का गावची. इथल्या हॉस्पिटलात ती रुग्णांची देखभाल करते. तिचा फोन कपडे धुण्याच्या मशीनमध्ये गेला. ती शुभदाकडे फोन करायला म्हणून आली, आणि शुभदानं मला बाहेर काढून तिच्या हातात ठेवलं. "ग्रँड आहे अजून, फक्त दिसायला म्हातारा झालाय," असं म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे ठीकठाक. म्हातारा म्हटल्याचा राग आला होता, पण गिळला.

सहराच्या हातात गेलो आणि माझी झोपच उडाली. शुभदा टाइप करणारी बाई. सहराच्या लोकांना टाइप करण्यात रस नाही, त्यांना बोलायला हवं. त्यांचा एक ग्रुप आहे, 'शाह इयो शेको', म्हणजे चहा आणि गप्पा. आयर्लंडभरची सोमाली मंडळी त्यात आहेत, कॉर्कची, ॲथलोनची, गॉलवेची. पहाटेच्या पहिल्या चहापासून व्हॉइस मेसेज सुरू. कुणाच्या घरी बाळ झालं, कुठे बकऱ्याचं ताजं मटण आलंय, भातावर केळं खाणं हा संस्कार की अत्याचार, मुलीनं शिकायला दुसऱ्या शहरात राहावं का, लग्नात सात घराणी विचारायची की मुलगा कसा आहे ते विचारायचं. भांडणंही अशी की ऐकत राहावं. प्रत्येक जण 'वलाल', म्हणजे भावा, अशी हाक मारून सुरुवात करायचा आणि मग त्याच भावाची साग्रसंगीत उलटतपासणी घ्यायचा. ऐकता ऐकता मी सोमाली शिकलो.

या ग्रुपचे कर्ते म्हणजे वरसमे. सगळे त्यांना अदीर म्हणतात, म्हणजे काका. जुन्या वळणाचा, भारदस्त आवाजाचा माणूस. टॅलातल्या कम्युनिटी सेंटरचं सभागृह दर शनिवारी सकाळी सोमाली मंडळींना मिळतं आणि त्याची चावी अदीरांकडे असते. शनिवारी तिथे पुरुषमंडळी चहा पितात आणि ग्रुपवरचे वाद समोरासमोर घालतात.

सहराला तेच सभागृह हवं होतं, मुलांच्या सोमाली वर्गासाठी. कारण विचाराल तर होदान. होदान ही तिची लेक, बारा वर्षांची, चुणचुणीत. तिला सोमाली समजते, पण बोलता येत नाही. मर्काहून अयेयोचा, म्हणजे होदानच्या आजीचा फोन आला की होदान इंग्रजीत काहीतरी सांगायची, आणि पलीकडून अयेयो विचारायची, "काय म्हणाली ती?" मग सहरा मध्ये पडून सांगायची. मग अयेयो बोलायची, होदान इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि पुन्हा "काय म्हणाली ती?" अयेयो थकत चालली होती. नातीचं एक वाक्य आपल्या कानांनी कळावं, एवढीच तिची इच्छा होती. फोन ठेवला की सहरा मला उशीखाली सारायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मला सगळं कळत होतं हो, पण माझ्या हातात काय होतं?

तिनं ग्रुपवर विनंती केली. मग जे चर्चेचं गुऱ्हाळ सुरू झालं ते काही संपेना. मुलं भाषा विसरतायत याचं सगळ्यांना अतोनात दुःख होतं. त्या दुःखावर पुरुषमंडळी इतकं सुंदर बोलायची की माझ्या स्पीकरला गहिवरून यावं. पण शनिवार सोडायचा विषय निघाला की अदीर म्हणायचे, "विचार करू. घाई बरी नाही." हिवाळा गेला, वसंत आला, विचार चालूच होता.

आता मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. सोमाली बायकांचं एक गाणं असतं, बुरानबुर. लग्नात, बारशाला बायका ते रचतात आणि टाळ्यांवर म्हणतात. त्यात कौतुक करता येतं आणि चिमटाही काढता येतो. नियम एकच. गाण्याला उत्तर द्यायचं तर गाण्यातच. जो नुसतं बोलून उत्तर देतो तो हरला असं समजतात.

एका सकाळी सहरा अंजेरो करत होती. अंजेरो म्हणजे आंबवलेल्या पिठाची जाळीदार पोळी, आपल्या आंबोळीची सख्खी बहीण. हात पिठानं माखलेले, कामावर जायची घाई, आणि डोक्यात आदल्या दिवशीचा अदीरांचा आणखी एक "विचार करू". तिला स्वस्थ बसवेना. नैरोबीत तिची बहीण उबाह असते, तिला ऐकवावं म्हणून तिनं करंगळीनं मला उघडलं. ती उबाहच्या नावावर बोट टेकवणार, इतक्यात ग्रुपवर कुणीतरी भात-केळ्याचा फोटो टाकला. ग्रुप टुणकन वर आला आणि उबाह खाली गेली. सहराचं लक्ष तव्याकडे. तिनं बटण दाबून धरलं आणि हसत हसत गायला सुरुवात केली. मी माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगतो.

*उंटीण उभी दारात, दुधानं भरली कास,*
*पिल्लू बांधलं कुंपणाबाहेर, त्याला लागला ध्यास.*
*दुधाच्या गोडीवर बोलती वरसमेकाका आमुचे,*
*चहा निवला, दिवस मावळला, दोर सोडायाचे राहून गेले तेवढे.*

बोट उचललं आणि गाणं गेलं. उबाहकडे नव्हे, सगळ्या आयर्लंडकडे.

सहराला पत्ताच नाही. तिनं हात धुतले, मला पिशवीत टाकलं, हॉस्पिटलात पोचली आणि मला लॉकरमध्ये ठेवून वॉर्डात गेली. आणि मी त्या अंधाऱ्या लॉकरमध्ये एकटा. जो ग्रुप झोपेतही बोलतो तो चिडीचूप झाला. मला तर घामच फुटला, म्हणजे फुटला असता. मग कुण्या तरुण गृहस्थाचा मेसेज आला, "वडीलधाऱ्यांची चेष्टा? हे शोभतं का?" मग दुसऱ्याचा, "अशा बाईच्या हाती मुलं सोपवायची?" अदीरांचा एक शब्द नाही. गेला वर्ग, असं मी मनाशी म्हटलं.

ड्युटी संपली, सहरानं मला हातात घेतलं, आणि तिचं तोंड एकदम उतरलं. बसमध्ये ती तेच मेसेज पुन्हा पुन्हा ऐकत राहिली, आणि टॅलाच्या स्टॉपवर घाईत उतरताना मी निसटलो आणि फरशीवर आपटलो. हीच ती चीर. घरी न जाता ती तडक शुभदाच्या दारात गेली.

शुभदाकडे तेव्हा कोरेगावहून आई आल्या होत्या. सहरानं रडत रडत सगळं सांगितलं. "मी आत्ता माफी मागते," ती म्हणाली. "वर्गाची विनंतीही मागे घेते. आता कुठल्या तोंडानं मागू?" शुभदा म्हणाली, "चूक तर झालीच आहे. सॉरी म्हण आणि मोकळी हो."

आईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी लेकीला विचारलं, "का रडतीया ही?" शुभदानं थोडक्यात सांगितलं. आई हातातली पालेभाजी ठेवून पुढे आल्या.

"हिनं गान्यात म्हटलं न्हवं? मग माफी कशापायी?" त्या म्हणाल्या. "आमी जात्यावर सासूला लई बोल लावायचो. सासू तितंच बसून ऐकायची. ऱ्हावलं न्हाई तर तीबी एक ओवी म्हनायची. गान्यात बोललं तर कुनी भांडान मानत नव्हतं. तिला सांग, गप ऱ्हाऊ नको आन् रडूबी नको. म्हाताऱ्याला म्हनावं, आता तू गा."

शुभदानं ते इंग्रजीत सांगितलं. सहरा आईंकडे बघतच राहिली. दोघींच्या मध्ये दोन समुद्र, पण नियम एकच निघाला. तिनं डोळे पुसले, मला तोंडाजवळ धरलं आणि ग्रुपवर म्हणाली, "मी सहरा. गाणं माझ्या बहिणीसाठी होतं, ते चुकून इथे आलं. पण त्यातलं मी काहीही मागे घेत नाही. माझी आई नातीचं बोलणं कळावं म्हणून जीव धरून बसली आहे. अदीर, मी तुमचा मान राखते, म्हणून उत्तर मागते. पण ते गाण्यातच द्या."

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला. एक लांबलचक आनंदाची किलकारी माझ्या स्पीकरमधून फुटली. ती होती हिबो, कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या औषधांच्या कारखान्यात काम करणारी. डब्याच्या सुट्टीत तिनं स्टीलच्या टेबलावर ताल धरून उत्तरादाखल दोन कडवी म्हटली होती. मग ॲथलोनहून एक आजीबाई गायल्या, मग गॉलवेची नवी नवरी. टाळ्या, थाळ्या, किलकाऱ्या. वर्षभर पुरुषांच्या चर्चा निमूट ऐकणाऱ्या बायका एकदम बोलत्या झाल्या. सकाळच्या त्या तरुण गृहस्थानं पुन्हा शिस्तीचा मुद्दा काढला, तर त्याच्या सख्ख्या आईनंच त्याच्यावर एक कडवं रचलं. तो पुन्हा काही दिसला नाही.

माझी बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. शुभदानं धावत जाऊन चार्जर लावला, आणि तेवढ्यात नाव झळकलं, अदीर वरसमे. सहरानं मेसेज सुरू केला. आधी खोकला ऐकू आला. मग तो भारदस्त आवाज, पण गाणारा.

*चहा निवला खरा, पोरी, जीभ माझी लांब,*
*दुधाचं कौतुक करता करता पिल्लाला म्हटलं थांब.*
*सोडला बघ दोर आता, घे शनिवारची चावी,*
*पहिल्या बाकावर नातू माझे, त्यांना जागा द्यावी.*

आणि गाणं संपल्यावर साध्या आवाजात, "चहा मात्र मीच करणार. त्यावर चर्चा नको."

सहरा खाली बसली आणि हसता हसता रडली. आईंना एकही शब्द कळला नव्हता, तरी त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जितलीस पोरी," त्या म्हणाल्या.

वर्ग सुरू झाला. पहिल्याच शनिवारी खुर्च्या कमी पडल्या. अदीर किटली घेऊन मागे उभे, आणि बायका मुलांना बुरानबुर शिकवतायत. गाण्यातून शब्द तोंडात पटकन बसतात. होदान सगळ्यांत मोठ्यानं गायची.

आणि मग तो दिवस आला. मर्काहून अयेयोचा फोन. सहरानं सवयीनं मला हातात धरलं, मध्ये बोलायला तयार होऊन. होदान पुढे सरकली आणि सोमालीत म्हणाली, "अयेयो, मी आज अंजेरो केले. पहिला करपला, दुसरा चांगला झाला." मी जीव मुठीत धरून पलीकडच्या प्रश्नाची वाट बघत होतो. प्रश्न आलाच नाही. अयेयो ताडकन म्हणाली, "तवा फार तापला असेल. तुझ्या आईचंही असंच व्हायचं." आणि दोघी सुटल्या बोलत. तवा, पीठ, केसांना तेल, शाळा. सहरा माझ्याकडे बघत उभी होती. मध्ये सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं, आणि त्या आनंदानं तिचा चेहरा नुसता उजळून निघाला होता.

हल्ली शनिवारी दुपारी भिंतीपलीकडून ओव्यांचा आवाज येतो. आजींच्या मागोमाग केतकी म्हणत असते, आयरिश वळणानं का होईना.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या कपाटात माझ्यासारखा एखादा जुना फोन पडला असेल, तर त्याला बाहेर काढा, पुसा, आणि ज्याला गरज आहे त्याच्या हाती द्या. आणि घरात कुणी म्हातारं माणूस "काय म्हणाली ती?" असं विचारत असेल, तर ते पुन्हा सांगायचा कंटाळा करू नका. त्याच्या भाषेत तुम्हीच बोला. मी अजून चालू आहे. आत्तासुद्धा ग्रुपवर भात-केळ्याचा वाद पेटलाय, आणि अदीर हरतायत.