शेजारचा ब्रेक

मास्तर गेल्यावर ड्रायव्हिंग क्लास बंद करावा, असं सगळ्यांनी सुचवलं. मला कुणी काही सुचवलं की माझं डोकं फिरतं. मी क्लासचं शटर उघडलं आणि मास्तरांच्या सीटवर स्वतः बसले. मास्तर म्हणजे माझे यजमान. गावभर त्यांना मास्तर म्हणत, मग मीही तेच म्हणू लागले. रस्ता ओलांडताना एका गाडीने त्यांना उडवलं. चालवणारा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. पोलिसांना म्हणाला, "माणूस दिसला, पण ब्रेक दाबायचं सुचलंच नाही." ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

शिकवण्याच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या. शिकणारा चुकला की शेजारचा दाबायचा, गाडी थांबते. काही दिवसांतच माझ्या लक्षात आलं, मी दाबायच्या आधीच तो दाबला जातोय.

स्प्रिंग गेली असेल, असं वाटलं. मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं आणि "वहिनी, ठणठणीत आहे," म्हणाला. मग एका दुपारी मी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि पेडलकडे बघत बसले. चालवायला बँकेतले एक साहेब होते. ते आरशात न बघताच वळायला लागले. पेडल खाली गेलं. मास्तर दाबायचे तसंच, आधी थोडं, मग पुरतं. रबरावर बुटाच्या चवड्याएवढी धूळ नव्याने पुसली गेलेली मला स्पष्ट दिसली.

"बाई, ब्रेक मारण्याआधी सांगत जा हो," साहेब कुरकुरले.

"तुम्ही वळण्याआधी आरशात बघत जा," मी म्हटलं.

सांगणार कुणाला? लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. संध्याकाळी गाडी लावली की मी त्या पेडलशी दिवसभराचं बोलून घ्यायचे. कोण काय म्हणालं, गॅसवाला कसा उद्धटपणे बोलला, सगळं.

लेक शिकायला बसली तेव्हा तर मी निर्धास्तच झाले. ती सतत गुणगुणते म्हणून आम्ही तिला भुंगी म्हणतो. चालवतानाही तिचं तोंड बंद नसायचं. औषधं पोहोचवणाऱ्या व्हॅनवर तिला नोकरी मिळाली होती. फक्त लायसन्स हातात यायचं बाकी होतं.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा तिने सरावाला माझ्या दिरांची गाडी घेतली. साधी गाडी, एकच ब्रेक. अंगणात मागे-पुढे करता करता भुंगी भिंतीकडे निघाली. निघाली ती निघालीच. भिंतीला टेकवलेली भाऊजींची सायकल चपटी झाली, तेव्हा कुठे गाडी थांबली.

"अगं, ब्रेक!" मी ओरडले.

भुंगी पांढरीफटक पडली होती. "मला वाटलं, लागेल."

"कोण लावेल?"

"असं काय करतेस, आई? नेहमी तूच लावतेस ना!"

"नवी होती हो," भाऊजी सायकलीपाशी बसून म्हणत होते. मला मात्र पोलिसांपुढचं ते वाक्य ऐकू येत होतं. मास्तरांनी सगळ्यांना वाचवलं होतं आणि थांबायला कुणालाच शिकवलं नव्हतं. उद्या माझी पोर व्हॅन घेऊन निघेल आणि समोर कुणाचा तरी नवरा रस्ता ओलांडत असेल.

त्या संध्याकाळी मी पेडलला म्हटलं, "मास्तर, पाय काढा. पोरीला शिकू द्या."

दुसऱ्या दिवशी भुंगीला आमच्या गाडीत घेऊन निघाले, तर पहिल्याच वळणावर पेडल खाली. जिवंतपणी माझं ऐकलं नाही, आता काय ऐकणार! मेकॅनिककडून पेडल काढून टाकता आलं असतं. पण ते म्हणजे मास्तरांना हाताला धरून घराबाहेर काढण्यासारखं होतं. मला ते जमलं नाही. मी चप्पल काढली आणि पायाची बोटं पेडलखाली सरकवली.

गल्ली अरुंद होती. भुंगी हळू चालवत होती, गुणगुणत होती. एका फाटकातून दोन हमाल कपाट घेऊन बाहेर आले. पुढचा पाठमोरा चालत थेट रस्त्यावर उतरला. तेवढ्यात माझ्या बोटांवर भार आला. हाडं मोडतील असा. तो भार मी ओळखला. पाय काढून घेतला असता तर गाडी तिथल्या तिथे थांबली असती. हमालाची पाठ जवळ येत होती. भुंगीच्या नावाने ओरडावंसं वाटत होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

गुणगुणणं थांबलं. गाडीही थांबली, कपाटाच्या बरीच अलीकडे. हमाल तसेच पलीकडे निघून गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नाही.

"आई, आत्ता तू नाही ना लावलास?"

"नाही. तू लावलास."

ती हसली, आणि माझ्या बोटांवरचा भार उचलला गेला. मी पाय तिथेच ठेवला. बोटं ठणकत होती, आणि ती ठणकतच राहावीत असं मला वाटत होतं. पेडल नुसतंच लोखंडाचं झालं होतं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"निघू ना, आई?"

मला 'थांब' म्हणायचं होतं.

"आरशात बघ," मी म्हटलं, "आणि नीघ."