मल्लेशच्या नावानं

बसप्पांनी खिशातला पेनड्राइव्ह काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि वैजयंतीपुढं ठेवला.

"खुब्याचा फोटू बघितला म्हणं. आता गुडघ्याचा मागत्यात. त्याच बाईचा."

"शिवबाईंचा ना, सांगोल्याच्या?" तिनं मान वर न करता पेनड्राइव्ह मशीनला लावला. "बसा की काका जरा. घाम बघा किती आलाय."

"बसून कसं भागंल? रेश्मा सिस्टर म्हणती, मामा, तुमी आता कुरिअरवाले झाला. एक पिशवी अडकवा खांद्याला."

वैजयंती हसली नाही. एरवी हसली असती.

सोलापुरातल्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात बसप्पा एक्स-रे विभागात मदतनीस होते. ट्रॉली ढकलायची, पेशंटला धरून उभं करायचं, फोटो निघेस्तोवर त्याला धीर द्यायचा, हे त्यांचं काम. सारं हॉस्पिटल त्यांना मामा म्हणे. वैजयंती तेवढी काका म्हणायची, कारण कॉम्प्युटरच्या या खोलीत तिच्या शेजारी बसणारा मल्लेश हा बसप्पांचा मुलगा. थंडी सरता सरता अक्कलकोट रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. त्याची खुर्ची अजून तिथंच होती. तिच्यावर कोणी बसत नव्हतं आणि ती कोणी हलवतही नव्हतं.

सकाळपासून डॉक्टरांना एक्स-रे दिसत नव्हते. फोटो निघत होते, जुन्या इमारतीतल्या सामायिक ड्राइव्हवर साठतही होते. पण वॉर्डात आणि ऑपरेशनच्या खोलीत ज्या वेब पानावर ते उघडायचे, ते पान रिकामं. पेशंटचं नाव यायचं आणि हाडांच्या जागी नुसती पांढरी चौकट. खाली लिहिलेलं, प्रवेश नाकारला. म्हणून अडलेल्या पेशंटचे फोटो वैजयंती आपल्या मशीनवरून पेनड्राइव्हवर भरून देत होती, आणि बसप्पा ते घेऊन दोन इमारतींमधलं तापलेलं पटांगण तुडवत होते.

गुडघ्याचा फोटो पोचवून ते परत आले, तेव्हा ती सर्व्हरपुढं बसली होती.

"तार बदलून बघितली. नेटवर्कचा डबा बंद करून चालू केला," ती म्हणाली. सांगत त्यांना होती, पण बोलत होती स्वतःशीच. "माझ्या टेबलावरनं ड्राइव्ह उघडतोय. म्हटलं, या सर्व्हरवरच बसून बघावं. इथनंही उघडतोय. दार तेच आहे काका. मी गेले की उघडतं, पान गेलं की नाही म्हणतं."

तिनं पान चालवणारा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. आता तर पानच येईना. पडद्यावर एक सूचना आली. ती वाचून वैजयंतीनं आणखी एक खिडकी उघडली. हे पान ड्राइव्हच्या दारात कुणाच्या नावानं जाऊन उभं राहतं, ते तिथं लिहिलेलं असतं. ती बघतच राहिली.

बसप्पांना इंग्रजी येत नव्हतं. मराठी वाचायलासुद्धा ते डोक्याचे केस पिकल्यावर शिकले. पण त्या चौकटीतली तेवढी अक्षरं त्यांना लांबूनही ओळखू आली.

रोज बघितलेली अक्षरं होती ती. प्रत्येक एक्स-रेच्या तळाशी, बारीक टायपात यायची. पान तयार करताना मल्लेशनं तपासणीपुरती, ते कुणाच्या नावानं चालतंय हे दाखवणारी एक ओळ घातली होती आणि नंतर ती काढायची राहून गेली. तो होता तोवर तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. तो गेल्यावर कामावर आलेल्या पहिल्याच दिवशी बसप्पांचं गेलं. फोटो आजचा, पेशंट आजचा, आणि खाली पोराचं नाव, त्याच्या ओळखपत्रावर होतं त्याच अक्षरांत. ते कुणाला बोलले नाहीत. बोललं की कुणीतरी ते दुरुस्त करणार, एवढं त्यांना कळत होतं.

घरी तेवढं सांगायचे. संध्याकाळी उंबऱ्यात पाय टाकला की काशम्मा विचारायची, "आज हुतं का?" ते म्हणायचे, "हुतं. समद्या फोटूंवर." मग ती चुलीवर तवा टाकायची. पोर गेल्यापासून तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं, आणि त्याचंच बसप्पांना भ्या वाटे. या एका विचारण्यावर ती उभी आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आज सकाळपासून एकाही फोटोवर नाव नव्हतं. पटांगणातून हेलपाटे घालताना त्यांना उन्हाचं काही वाटत नव्हतं. काशम्माला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

"काल मीच बंद केलं, काका," वैजयंती म्हणाली. "ऑफिसातनं आलं होतं, जे कामावर नाहीत त्यांची खाती बंद करा म्हणून. मन घट्ट केलं आणि त्याचं सगळ्यात आधी केलं. पान त्याच्या खात्यावर चालतंय हे मला कुठं माहीत?"

"त्येच्याच का?"

"पानाला वेगळं खातं मागितलं होतं त्यानं. उदयसिंह साहेब म्हणाले, ज्याची हजेरी नाही त्याला खातं कसलं? पान काय अंगठा लावणाराय? मग यानं आपलंच नाव घातलं. तात्पुरतं म्हणून."

फोन वाजला. उदयसिंह साहेबांचाच होता. हॉस्पिटलचा कारभार ते बघत. वैजयंतीचे दोन्ही हात कीबोर्डवर होते, तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि काय झालंय ते थोडक्यात सांगितलं.

"अगं मग उघड की परत! एका क्लिकचं काम आणि सकाळपासून हॉस्पिटल डोक्यावर घेतलंय. मेलेला माणूस काय तक्रार घेऊन येणाराय का?"

"साहेब, काका इथंच बसलेत."

मग साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "बघ बाई. तुला बरं वाटेल तसं कर." आणि फोन बंद झाला.

वैजयंतीनं खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"परत उघडलं तर आत्ता चालू होईल. फोटोवर नाव येईल." ती म्हणाली. "मलाही दिसायचं ते, काका. मला वाटायचं, पान त्यानं केलंय म्हणून नाव घातलंय. राहू दे म्हटलं."

बसप्पांनी पडद्यावरच्या त्या अक्षरांकडं बघितलं.

"फक्त त्या खात्याचा पासवर्ड दर थोड्या महिन्यांनी बदलावा लागतो. दर वेळी मल्लेश म्हणून मला बसावं लागेल. बसेन मी. त्यात काय? तुम्ही म्हणाल तसं करू."

बोलताना ती हसऱ्या तोंडानं बोलत होती. पण बसप्पांची सारी नोकरी माणसं धरून उभी करण्यात गेली होती. कोण आता खाली बसणार, हे त्यांना तोंडावरून नव्हे, हातावरून कळे. वैजयंतीचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

होय म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"काढा त्येचं नाव," ते म्हणाले. "कामाला कामाचं नाव द्या."

"नक्की?"

"व्हय. काढा लवकर. तिकडं मानसं खोळंबल्यात."

तिनं नवं खातं काढलं आणि त्याला नाव दिलं, एक्स-रे. जुन्या इमारतीतल्या ड्राइव्हवर त्या नावाला आत येण्याची मुभा दिली. मग त्या चौकटीतली अक्षरं एकेक करून मागून पुसली. एका झटक्यात पुसता आली असती. नवं नाव घातलं, प्रोग्रॅम चालू केला आणि पान उघडलं. शिवबाईंचा गुडघा आला, पांढराशुभ्र, स्पष्ट. तळाशी बारीक टायपात कुठलीतरी परकी अक्षरं होती. बसप्पा उठले, पायताण चढवलं आणि ट्रॉली आणायला गेले.

शेळगीला घरी पोचेस्तोवर ते एकच शब्द घोळवत होते. हुतं. रोजच्यासारखं म्हणायचं, हुतं. उद्याही म्हणायचं. काशम्मा काही हॉस्पिटलात बघायला येणार नव्हती.

ती परातीपुढं बसली होती. निम्मं कानडी, निम्मं मराठी असं त्यांचं घरातलं बोलणं. पण हा प्रश्न ती मराठीतच विचारी; त्यातली 'री' ही नवऱ्याला मारलेली हाक तेवढी कानडी.

"री, आज हुतं का?"

बसप्पांनी तोंड उघडलं. तो शब्द आला नाही.

"न्हवतं," ते म्हणाले. "काढलं आज. आता यायचं न्हाय."

ते भिंतीला धरून उभे राहिले. काशम्मानं हातातला गोळा थापायला घेतला. भाकरी तव्यावर गेली, वरून पाण्याचा हात फिरला.

"बरं झालं," ती म्हणाली.

"बरं?"

"तुमी त्ये सांगितल्याबिगर ताटावर बसत न्हवता. म्हनून इचारत हुते रोज. आज कसं इचारावं, उद्या कसं इचारावं, दुपारपास्नं त्येच चालायचं डोस्क्यात."

बसप्पा हळूहळू खाली बसले. तिनं ताट पुढं सरकवलं. भाकरी, शेंगाचटणी, कांदा. त्यांनी घास मोडला. बराच वेळ तो हातातच राहिला, मग त्यांनी तोंडात घातला.

"काढलं कुनी?" तिनं विचारलं.

"वैजयंतीनं."

"येकलीनं?"

"येकलीनंच. मी हुतो बसून."

काशम्मा तव्याकडं बघत राहिली. भाकरीची कड करपायला लागली, तशी तिनं ती उलटली.

"तिला घरी गेल्यावर कोन हाय इचारनारं?"

पोरगी कुर्डुवाडीची, एवढं बसप्पांना माहीत होतं. हितं सोलापुरात कुटं राहती, कुणाबरोबर राहती, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"फोन लावा तिला," काशम्मा म्हणाली, आणि तिनं पिठाचा डबा जवळ ओढला.