दहा मिनिटे पुढचे घड्याळ

मी एक जुने लंबकाचे घड्याळ आहे, मित्रांनो, आणि आयुष्यातला बराच काळ मी दहा मिनिटे पुढे होते. बिघाड म्हणून नव्हे, प्रेमापोटी.

देवासला एका मराठी मंडळाचे सभागृह आहे आणि त्याला लागून मुलांचे वसतिगृह. या सभागृहाच्या भिंतीवर मला टांगले ते मंडळाची देखभाल करणाऱ्या तात्यांच्या वडिलांनी. माझी पेटी सागवानी आणि लंबक पितळेचा. माळव्यातले ऊन तापले की लंबकाची दांडी केसभर लांबते आणि मी मागे पडू लागते. मग तात्या स्टुलावर चढतात, लंबकाखालचा नट जरासा फिरवतात आणि माझी काच धोतराच्या सोग्याने पुसतात.

मंडळाची माणसे फार मायाळू; पण आरतीला वेळेवर येतील तर शपथ! म्हणून तात्यांनी एकदा माझा काटा पुढे सरकवला. काही दिवस सगळे धावत आले. मग गोष्ट फुटली. सगळे मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करू लागले आणि पुन्हा पूर्वीइतकेच उशिरा येऊ लागले. काटा मात्र तसाच राहिला. ती आमची रीतच झाली. पुढे मोबाइल आले, तेव्हा माझ्याकडे कोणी मान वर करून बघेनासे झाले. तात्यांचा हात तेवढा नेमाने किल्ली देत राहिला.

वसतिगृहाला वर्षभराचा गहू आणि तुरीची डाळ वीरेंद्र शेठ पुरवत. माल चांगला, माणूस हसरा. कधी कोणी दुसरा भाव विचारलाच नव्हता. मंडळाची नवी चिटणीस इरावती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "तात्या, यंदा टेंडर काढू. सगळ्यांना संधी मिळू दे." तिने वर्तमानपत्रात सूचना दिली: बंद लिफाफे शनिवारी दुपारी तीनपर्यंत सभागृहातल्या पेटीत टाकावेत. पेटीची किल्ली तात्यांकडे.

शनिवारी वीरेंद्र शेठ रमतगमत आले. लिफाफा पेटीत टाकून माझ्याकडे बघत म्हणाले, "क्या तात्या, तुमच्या घड्याळात तर चहाच्या आधीच संध्याकाळ होते भिया!"

"म्हणून तर तू आज वेळेवर आलास," तात्या म्हणाले.

मी तीन टोले दिले. तात्यांनी पेटीला कुलूप लावले. तेवढ्यात दारातून एक बाई धापा टाकत आत आल्या. एका हातात लिफाफा, दुसऱ्या हातात नमुन्याच्या गव्हाची पुरचुंडी. त्या दूरच्या सतवास गावाहून बसने आलेल्या मालनबाई. त्यांच्या बचत गटातल्या बायका धान्य निवडून विकतात. त्यांनी पहिल्यांदाच टेंडर भरले होते. मिळाले, तर गटातल्या सगळ्यांना वर्षभर काम होते.

"तीन वाजून गेले, बाई," तात्या हळहळून म्हणाले.

मालनबाईंनी मोबाइल पुढे केला आणि आपल्या माळवीत म्हणाल्या, "दादा, म्हारी घड़ी में तो हाल तीन नी बज्या!"

"इथे हेच घड्याळ चालतं," तात्या म्हणाले. "ते पुढे आहे, हे सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे आपल्याला," इरावती म्हणाली. "सतवासला कोणी सांगितलं, तात्या?"

वीरेंद्र शेठ पुढे झाले. "देखो मॅडम, नियम तो नियम. पेटी बंद झाली."

"वीरेंद्रभिया, घड्याळ पुढे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. आत्ताच थट्टा केलीत. यांना ठाऊक नव्हतं. मग नियम दोघांना सारखा कुठे झाला?"

वीरेंद्र शेठांनी कान खाजवला. "ये बात तो है," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

तात्यांनी कुलूप काढले. मालनबाईंचा लिफाफा पेटीत पडला. मग तात्या स्टुलावर चढले. टोल्यांच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवले की आतली चाके दुखावतात, हे ते जाणतात. त्यांनी बोटाने माझा लंबक थांबवला आणि खरी वेळ माझ्यापर्यंत येण्याची वाट पाहत उभे राहिले. सभागृह इतके शांत मी कधी अनुभवले नव्हते. इरावतीच्या मोबाइलवर तीन वाजले, तेव्हा पेटी पुन्हा बंद झाली. थोड्या वेळाने तात्यांनी लंबकाला हलकेच ढकलले आणि मी सर्वांच्या बरोबरीने चालू लागले.

लिफाफे सर्वांसमोर उघडले. वीरेंद्र शेठांचा भाव कमी निघाला. काम त्यांनाच मिळाले. मालनबाईंचा चेहरा उतरला. पण निघताना त्या म्हणाल्या, "हार्या तो हार्या. पण लिफाफो तो सबका सामे खुल्यो."

पुढच्या वर्षीच्या टेंडरला मालनबाई पुन्हा आल्या, आणि उदयनगरच्या एका गटालाही सोबत घेऊन आल्या. त्या गटातली अल्पना दारातच घाबरून विचारू लागली, उशीर तर नाही झाला? मालनबाईंनी आधी माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या मोबाइलकडे, आणि हसून म्हणाल्या, "चाल, या घड़ी साँची हे."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझे असे कौतुक कोणी केले नव्हते. आरतीला लोक अजूनही उशिरा येतात आणि तात्या अजूनही कुरकुरतात, पण काट्याला हात लावत नाहीत. तुमच्या घरी, शाळेत माझे एखादे भावंड असेल, तर त्याला वेळेवर किल्ली द्या, त्याची धूळ पुसा. आणि त्याला अशी वेळ दाखवू द्या, जी दूरच्या गावाहून बसने आलेल्या माणसालाही कोणाला न विचारता खरी मानता येईल.