पेन ड्राइव्हला जागा नाही

बन्सीधरच्या डोक्याला अकरा टाके पडले, आणि वाजत होतं ते गाणं त्याचं नव्हतंच. वरातीत कुणी एक पोरगा गाडीवर चढला, हातात पेन ड्राइव्ह दिला, तीन नंबरचं लाव म्हणाला. त्यानं लावलं. गाण्यात समोरच्या आळीतल्या माणसाचं नाव घेऊन टवाळी होती, हे त्याला कळेपर्यंत दगड येऊन गेले होते. गाणं कुणी आणलं हे दगड विचारत नाहीत. जो गाडीत उंचावर उभा असतो त्यालाच लागतात.

याला महिना झाला. बन्सीधर आणि महारुद्र जोडीदार. दोघांनी एकाच वर्षी आपापला डीजेचा धंदा सुरू केलेला. महारुद्र त्याला दवाखान्यात भेटून झरीला, आपल्या गावी, परत आला, जेवला, आणि लॅपटॉप उघडून पुढच्या ऑर्डरची गाणी लावत बसला. राजेश्रीला, त्याच्या बायकोला, मात्र त्या दिवसापासून चैन नव्हतं. ती बीएस्सी झालेली, पण शिक्षणानं धास्ती कमी होते हे तिला कधी पटलं नाही. उलट धास्तीला कारणं जास्त मिळतात. गॅस बंद आहे का ते ती दोनदा बघायची, दीड वर्षाची शिवकन्या झोपली की तिच्या नाकाशी बोट धरायची. आता त्यात नवरा आला. तो घरातून निघताना त्याच्या खिशात कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह आहेत ते ती मोजायला लागली.

तशात शुक्रवारचा परण्या ठरला. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, तो. गाव चार कोसांवरचं. नवरदेव नव्या सरपंचाचा, गोपीचंदचा पुतण्या. गोपीचंद निवडून आला होता नऊ मतांनी, आणि मारुतीकडे जायचा रस्ता जात होता हरलेल्या माणसाच्या बोळातून. नवरदेवाचा चुलतभाऊ हरिओम यानं हरलेल्याचं नाव टाकून एक गाणं बनवून घेतलं होतं. तो ते फोनवर स्टेटसला ठेवून बसला होता. राजेश्रीनं ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यात नाव किती वेळा येतं ते तिनं मोजलं.

हे गाणं घेऊन तो गाडीवर चढला तर काय करणार, असं तिनं महारुद्रला विचारलं. न्हाई म्हणून सांगीन, तो म्हणाला. पण हा माणूस घरून जेवून निघालेला असला तरी कुणी आग्रह केला की दुसऱ्या घरी पुन्हा पानावर बसणारा. लग्नाच्या पाच वर्षांत तिनं त्याला कुणालाही न्हाई म्हणताना पाहिलं नव्हतं.

मार्ग सापडला तो मंगळवारी दुपारी, बापलेकांच्या रोजच्या भांडणात. तिचे सासरे सूर्यभान यांचा एकेकाळी लाउडस्पीकरचा धंदा होता. अजून त्यांच्या पेटीत दोनशे तवे होते, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या. दुपारी दार लोटून ते एकेक तवा पुसून लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. फोनमधलं गाणं म्हणजे पाणी घातलेलं दूध, हे त्यांचं ठरलेलं. त्यावर महारुद्रचंही ठरलेलं, की तुमच्या तव्यांचं ओझं उचलायला दोन गडी लागतात आणि माझी चाळीस हजार गाणी खिशात मावतात.

"चाळीस हजारातली तू ऐकलीस किती?" सूर्यभान त्या दिवशी म्हणाले.

महारुद्र लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला. मग म्हाताऱ्याला सूर सापडला. त्यांच्या वेळी मांडवात कुणी येऊन हे लाव, ते लाव म्हणालं की ते पेटी उघडून दाखवायचे. तवा न्हाई, विषय संपला. माणसाशी वाईटपणा नाही, काही नाही.

राजेश्री शिवकन्येला वरणभात भरवत होती. तिचा हात पोरीच्या तोंडाशी थांबला तो थांबलाच. पोरीनं शेवटी स्वतःच मान पुढं करून घास घेतला.

तव्यांचा उपयोग नव्हता. ते बसल्या जागी ऐकायचे; चालत्या गाडीत सुई टिकणार नाही. पण माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली सीडीची मशीन होती. मधल्या काळात सूर्यभाननी घेतलेली, दोन खणांची, म्हणजे एका खणातली संपली की दुसऱ्यातली चालू करता यावी. ती तिनं खाली काढली, सगळीकडून फिरवून पाहिली. पेन ड्राइव्ह खुपसायला मशीनला कुठंच जागा नव्हती.

"मला म्हाताऱ्याच्या रांगेत बसवायलीस का?" महारुद्र हसला. धक्क्यानं सीडी अटकते, एका सीडीत अठरा-वीसच गाणी बसतात, लोक नावं ठेवतील, असं त्यानं बरंच सांगितलं. सगळं खरं होतं.

"अहो, तुमाला न्हाई म्हणता येत न्हाई," ती म्हणाली. "मग मशीनला म्हणू द्या."

त्याला ते लागलं. तो उठून बाहेर गेला. संध्याकाळी आला तो मशीन सेलूच्या मेकॅनिककडून साफ करून घेऊनच.

कोऱ्या सीड्या परभणीत एका स्टेशनरीवाल्याकडे मिळाल्या. त्यानं धूळ झटकत विचारलं, ताई, अजून कोण ऐकतंय? जुना कॉम्प्युटर असलेल्या एका झेरॉक्सवाल्याकडे बसून राजेश्रीनं सहा सीड्या भरल्या आणि घरी येऊन सहाही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या, पोरगी मांडीवर घेऊन. गाण्याच्या मध्ये कुणाचं नाव घेतलंय का, शेवटी कुणी काही ओरडलंय का. महारुद्रची गाणी तिनं इतक्या लक्ष देऊन कधी ऐकली नव्हती. बरीचशी तिला आवडली नाहीत. पण जेवढं भरलं तेवढंच वाजणार होतं. कितीतरी दिवसांनी तिला एखादी गोष्ट पुरती तपासून झाल्यासारखी वाटली.

शुक्रवारी मात्र सकाळपासून तिनं त्याच सहा सीड्या तिसऱ्यांदा मोजल्या. त्या गावात तिची लांबची मावशी होती, कमलबाई. राजेश्रीनंच फोन करून तिला बोलवायला लावलं होतं, आणि मावशी बोलवायलीय असं घरात सांगितलं. निघायच्या आधी ती पिकअपजवळ गेली. मशीनखाली जाड फोम होता. स्पीकरच्या मागे लॅपटॉपची बॅगही होती. ती काढून घ्यावी असं तिच्या अगदी मनात आलं. पण सीडी अटकली, दुसरं काही वाजवायला नाही आणि चारशे नाचणारी पोरं, तर? बॅग तिनं तिथंच राहू दिली. सीडीची कल्पना तिची होती. उद्या त्या सीडीपायीच कुणी हात उचलला तर तोंड कुणाला दाखवणार, हे तिला आधी सुचलं नव्हतं. ते आता, पोरगी कडेवर असताना सुचलं.

कमलबाईचा ओटा बोळाच्या तोंडाशीच होता. परण्या तिथं आला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. पुढं पोरं नाचत होती, मागं घोड्यावर नवरदेव. बोळातल्या ओट्यांवर माणसं बसलेली, पण एकमेकांशी कुणी बोलत नव्हतं. राजेश्रीनं शिवकन्येचे कान पदरानं झाकले.

हरिओम गाडीवर चढला. आवाज एवढा की शब्द एकही ऐकू येईना. तिला दिसत होते नुसते हात. त्याच्या हातातला पेन ड्राइव्ह. महारुद्रचं मशीनकडे केलेलं बोट. हरिओमनं मशीन पुढून चाचपली, बाजूनं चाचपली, वाकून मागं हात घातला आणि हसला. मग दोन्ही तळवे जोडून पुस्तकासारखे उघडले. लॅपटॉप.

महारुद्रची मान आडवी हलली.

हरिओम खाली उतरला नाही. त्यानं स्पीकरच्या मागं डोकावलं, तसा महारुद्रनं एक पाय सरकवून मध्ये घेतला. राजेश्री ओट्याच्या कडेशी सरकली. तेवढ्यात पिकअपचं चाक नालीच्या खळग्यात गेलं. गाणं तटतटलं, एकाच शब्दावर तीनचारदा ठेचाळलं आणि बंद पडलं.

पोरं नाचता नाचता थांबली. सगळ्यांची तोंडं वर, गाडीकडे. दुसऱ्या खणात सीडी तयार होती, राजेश्रीला माहीत होतं, तिनंच क्रम लावून दिला होता. महारुद्रचा अंगठा त्या बटणावर होता. बोळात एवढी शांतता झाली की घोड्याच्या पट्ट्यातला घुंगरू ऐकू आला. आता एकदा ते बटण दाबा म्हणून तिनं मनात हात जोडले. त्यानं बोळातल्या ओट्यांवरच्या माणसांकडे एकदा पाहिलं, आणि अंगठा बटणावर न दाबता तसाच ठेवला.

हरलेल्यांच्या ओट्यावरून सरजाबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "काय रं, सरपंचाचा बाजा उचकी लागून मेला का?"

आधी बोळ हसला. मग नवरदेवाकडचेही दोघंतिघं हसले. हरिओमचं तोंड उतरलं. तो उडी मारून गर्दीत शिरला, पेन ड्राइव्ह मुठीतच. महारुद्रनं ड्रायव्हरच्या टपावर थाप मारली आणि गाडी पुढं निघाली, मुकी. सगळा परण्या त्या बोळातून चपला घासत, शिट्ट्या खात गेला. एकही दगड आला नाही. पलीकडच्या मोकळ्या जागेत गाडी पोचली, मग त्यानं अंगठा दाबला.

घरी आल्यावर त्यानं लॅपटॉपची बॅग न उघडताच खुंटीला लावली. पुढं आठवडाभर कुणी कुणी त्याला सीडीवाला म्हणून हाक मारली, आणि तो हसला, पण ते हसणं तिच्या ओळखीचं नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी फोन आला. पोखर्णीकडची ऑर्डर, मोठी. महारुद्र दारात उभा राहून बोलत होता. तारीख झाली, गाडी किती वाजता ते झालं. मग पलीकडच्यानं काहीतरी विचारलं आणि महारुद्रनं वळून तिच्याकडे पाहिलं. ती पोरीच्या इवल्या शेंडीला रिबन बांधत होती.

"न्हाई," तो म्हणाला. "माझ्याकडं पेन ड्राइव्ह चालत न्हाई. काय लावायचं ते आधी सांगायचं, मी ऐकून भरून आणीन."

तिनं रिबनीची गाठ मारली, सुटली, पुन्हा मारली. पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते तिला ऐकू येत नव्हतं. एवढंच कळत होतं, की तो फार वेळ बोलतोय आणि महारुद्रची मान, फोन कानाला असतानाच, आडवी हलतेय.