बोर्डावर न लागलेला कागद

मित्रांनो, पाचूबंदरच्या लिलाव शेडमध्ये फाटक्या जाळ्यांखाली जे करडे खोके दिसते ना, तो मी. एक जुना प्रिंटर. आता माझ्या पोटात पाल राहते, पण एके काळी माझ्याही अंगात मस्ती होती. मी इतक्या वेगाने कागद फेकत असे, की घारी ते उडते मासे समजून वरच्यावर झेलून न्यायच्या. एकदा तर माझ्या गरम वाफेवर चार टोपल्या बोंबील तासाभरात वाळले. खोटे वाटत असेल तर त्या घारींना विचारा.

मला इथे आणले ते गॉडफ्रेकाकांच्या गुडघ्यांनी. काका मच्छीमार सोसायटीचे कारकून. वादळाचा इशारा आला की पूर्वी ते हातात घंटा घेऊन गल्लीगल्लीतून फिरत. गुडघे गेले, तेव्हा वरच्या ऑफिसात बसून खाली शेडमध्ये कागद काढता यावा म्हणून त्यांनी मला घेतले, आणि घंटा खिळ्याला टांगली. फोनवर दिवसाला दहा इशारे येत, त्यांना कोणी जुमानत नसे. शेडमधल्या बोर्डावर लावलेला कागद मात्र सगळे मानत.

क्लेटन नावाचा तंत्रज्ञ वायर ओढून मला जोडून गेला. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. राऊटरने मला दिलेला पत्ता तात्पुरता होता, तो कायमचा करायचा राहिला. क्लेटन म्हणाला, "अंकल, टेस्ट पेज आलं ना? मग झालं. पत्ता फिक्स करायला सोमवारी येतो." सोमवार आला, क्लेटन आला नाही. काकांनीही फोन केला नाही. कागद तर निघत होते.

कागद बोर्डाला टाचायचे काम जिजाचे. ती शेडमध्ये मासे निवडायची. तिला वाचता येत नसे, पण तिची समजूत सरळ होती. कागद निघाला की होड्या काठाला, नाही निघाला की खुशाल जा. दोन वर्षे हे बिनचूक चालले. माझ्या डोक्यावरून ओला हात फिरवून ती म्हणायची, "माझा शहाना हाय."

मित्रांनो, इथवर थोड्या थापा मारल्या. इथून पुढे एकही नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी वीज गेली आणि तासाभराने आली. राऊटरने पत्ते नव्याने वाटले. माझा जुना पत्ता कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याला मिळाला, मला दुसराच. वरच्या संगणकाला त्याची खबर नव्हती. चार वाजता इशारा आला. काकांनी बटण दाबले आणि चहाचा कप उचलला. तो कागद कॅमेऱ्याच्या दारात जाऊन अडकला. मी मात्र हिरवा दिवा लावून, पोटात कोरे कागद घेऊन, वाट पाहत बसलो होतो.

जिजाचा मुलगा हरेश होडी काढायला आला. एकटाच होता. आभाळ बघून घुटमळला. जिजाने माझ्याकडे पाहिले.

"कागद नाय आला," ती म्हणाली. "जा तू, भरती हाय तवर."

होडी तिसऱ्या दिवशी सापडली, उलटी. हरेश सापडला नाही.

चौथ्या दिवशी क्लेटन आला. मान वर न करता त्याने माझा जुना पत्ता मला परत दिला आणि कायमचा केला. वरच्या संगणकाच्या रांगेत चार दिवस अडकून पडलेला तो इशारा तत्क्षणी सुटला आणि माझ्या तोंडातून बाहेर पडला. मला तो गिळता आला नाही. जिजाने उचलला, सवयीने बोर्डाकडे चार पावले टाकली, आणि थांबली.

"काय लिवलंय ह्याच्यात?"

गॉडफ्रेकाका गुडघे धरत जिना उतरून आले होते. त्यांनी वाचून दाखवले नाही. "जिजा, घंटा खिळ्यालाच होती गो," एवढेच म्हणाले.

तेव्हापासून जिजाने नियम घातला. वारा असो नसो, रोज कागद निघालाच पाहिजे, मग त्यावर 'आज इशारा नाही' एवढेच का असेना. बोर्ड रिकामा दिसला की ती होड्यांच्या दोरांवर बसून राहते. वर जाऊन कोणी विचारून आल्याशिवाय उठत नाही.

खाऱ्या हवेने माझे रूळ गंजले. माझ्या जागी नवा प्रिंटर आला आहे. त्याचा पत्ता त्याच्या पाठीवर रंगाने लिहिला आहे. मित्रांनो, आमची धूळ जरूर पुसा, पण आम्ही गप्प असलो तर त्याला होकार समजू नका. जिना चढा आणि विचारा.

जिजा अजून रोज येते. नवा वेळेवर कागद काढतो, ती तो टाचते. त्याच्या डोक्यावरून मात्र ती हात फिरवत नाही.