शेवटच्या पानाची खूण

तुम्हाला मुलांनी वाचायला हवं होतं, की मुलं वाचतात असं नुसतं दिसायला हवं होतं? एकदा खरं सांगून टाका.

हे विचारणारी मी एक वाचनखूण आहे. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, वरच्या भोकात लाल लोकरीचा गोंडा. लोक मला "किती सुरेख!" म्हणत, तेव्हा तोंड लपवावंसं वाटे. मी एका गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान होते.

खामगावजवळच्या एका गावातली ती मराठी शाळा. महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून शाळेत वाचनखुणा बनवण्याची स्पर्धा ठरली. शंकरराव गुरुजींना तर दुसरं काही सुचेना. पण जाड कागद गावात मिळत नव्हता आणि खामगावला जायला कुणाला सवड नव्हती. गुरुजींनी पुस्तकांचं कपाट उघडलं. चित्रांची पानं छान जाड होती.

"कोण वाचतं ही? निदान मुलांच्या कामी तरी येतील," ते म्हणाले. शिपाई पुंजाजीनं कात्री चालवली.

माझ्या एका अंगाला चित्र होतं, दुसऱ्या अंगाला गोष्टीचा शेवट. त्या पानाच्या उभ्या चार पट्ट्या झाल्या. मी चौथीतल्या फातिमाच्या वाट्याला आले. तिनं खळ लावून माझ्या अक्षरांवर रंगीत कागदाची फुलं चिकटवली. पहिला नंबर आला! बक्षीस म्हणून कपाटातलं हवं ते पुस्तक घरी न्यायला मिळालं. माझ्यावरच्या चित्रातली मुलगी एका पुस्तकाच्या वेष्टनावर दिसली, म्हणून फातिमानं तेच उचललं.

माझंच पुस्तक.

फातिमाचे वडील नजीर बाजारोबाजार बांगड्या विकत. संध्याकाळी ती दादीजवळ बसून मोठ्यानं वाची. रुसून निघून गेलेल्या भावाला शोधत फिरणाऱ्या कुंभाराच्या मुलीची गोष्ट. दादी तूर निवडायची थांबे.

"फिर? भाई मिल्या का नै?"

"उद्या सांगतो ना, दादी!"

"उद्या तू झोपून जाशीन, मले रातभर घोर!"

मग फातिमा मला पानांत ठेवी. रोज मी जिथून कापली गेले त्या जागेच्या जवळ सरकत होते. त्यांच्या हसण्यात मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

शेवटी तो दिवस आला. कुंभाराची मुलगी ओळखीच्या पाठीकडे बघून हाक मारते, तिथं फातिमानं पान उलटलं. पुढे नुसता पुठ्ठा. शिवणीशी कापलेली कड. तिनं कडेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, मग पाणी लावून माझी फुलं खरवडली. खालून अर्धे अर्धे शब्द निघाले.

"कोनं फाडलं गे?" दादीनं विचारलं. फातिमानं मला दप्तरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला गुरुजींपुढे धरलं. "गुरुजी, भाऊ भेटला का तिले?"

गुरुजींनी मला उलटून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. मग ते घाईनं म्हणाले, "शेवट तूच रच की! बघू तुझी कल्पना."

"मले नाही रचाचा. मले पुस्तकातला पायजे."

"बरं, दुसरं पुस्तक ने."

"नोको. त्याचं बी पान कापलं असन."

मला टेबलावर ठेवून ती जागेवर जाऊन बसली. त्यानंतर ती कपाटाकडे फिरकली नाही.

गुरुजी वाईट माणूस नाहीत. माझ्या पानाच्या उरलेल्या तीन पट्ट्यांना त्यांनी घरोघर जाऊन शोधलं. एकही सापडली नाही. तेव्हापासून मी त्यांच्या खणात आहे. खडू काढताना ते माझ्याकडे बघत नाहीत.

मला बनवा, जरूर बनवा. लग्नपत्रिकेची बनवा, काडेपेटीच्या पुठ्ठ्याची बनवा. पण आधी मुलाच्या हातात पुस्तक द्या. आख्खं द्या. ते वाचता वाचता त्याला झोप येईल, तेव्हा माझी गरज पडेल. त्याआधी मी कशाची खूण आहे? तुमच्या उतावीळपणाची.

आज सकाळी यंदाच्या स्पर्धेची सूचना फळ्यावर लागली. गुरुजी माझा खण उघडा टाकून तिच्यापुढे उभे होते. पुंजाजीनं कात्री धोतराला पुसली आणि अगदी साधेपणानं विचारलं,

"गुरुजी, औंदा कोनतं पुस्तक काढू कापाले?"